गेमच्या डबीत चष्मा

"चष्मा! अगं बॅटरी, चक्क चष्मा!"

मुनीम जिन्याखालच्या कपाटापुढे फतकल मारून बसली होती. मांडीवर 'फुगेफोड' नावाच्या गेमची डबी उघडी होती आणि मुनीमचे डोळे डबीपेक्षा मोठे झाले होते. डबीत गेमची कॅसेट असायला हवी होती. ती गायब होती आणि तिच्या जागी मोठ्या माणसाचा एक जाडजूड चष्मा आरामात पहुडला होता!

बॅटरीने डबीत डोकावून पाहिलं. तिचं तोंड एकदा सुरू झालं की सेल संपेपर्यंत बंद होत नसे, म्हणून तिचं नाव बॅटरी. ते सेल आजवर कधी संपले नव्हते. तिने एका दमात विचारलं की हा कोणाचा, कोणी ठेवला, कधी ठेवला, आणि आपण आता पोलिसांत जायचं का.

मुनीमला मुनीम का म्हणत, तेही सांगून टाकू. तिच्या मामाने लहानपणापासून जमवलेले व्हिडिओ गेम नोकरीसाठी दूर जाताना भाचीच्या हवाली केले होते. त्यात तिच्या दर वाढदिवसाची भर पडत गेली. घरात ठेवायला जागा नाही म्हणून ते सगळे जिन्याखालच्या कपाटात आले, आणि मग काय, सुट्टी लागली की इमारतीतली झाडून सगळी पोरं त्या कपाटावर तुटून पडत. सुरुवातीला तिने एक वही ठेवली होती. वहीत लोक लिहीत, "उद्या देतो". तो उद्या काही उजाडत नसे. एकाने तर, "ज्याने नेला त्याला माहीत," एवढंच लिहून गेम पळवला होता.

शेवटी वैतागून मुनीमने वही फेकली आणि कपाटाच्या दारावर नियम चिकटवला. गेम न्यायचा असेल तर खुशाल न्या, पण त्याच डबीत तारण ठेवा. आणि तारण असं हवं, की त्याच्यावाचून तुमचं अडलं पाहिजे!

नियम एकदम लागू पडला. एकाने डाव्या पायाचा स्केट ठेवला आणि संध्याकाळच्या आत गेम परत आणला. एकाने दातांची तार काढून ठेवली, तेव्हा त्याची आई मुनीमच्या दारात येऊन बरंच काही बोलून गेली. पण गेम हरवणं थांबलं. नुसती डबी उघडली की गेम कोणाकडे आहे ते मुनीमला कळे, आणि या हिशेबाचा तिला कोण अभिमान! सुट्टीत चार दिवस मावशीकडे राहायला जातानाही तिने कपाटाला कुलूप लावलं नव्हतं. नियम आहे ना दारावर, मग कशाला हवं कुलूप?

तो मुक्काम अर्धवट टाकून ती आज सकाळीच परतली होती. आईबरोबर तिथे आलेल्या धाकट्या भावाला ताप भरला होता. हा भाऊ सदानकदा तिच्या मागे, म्हणून त्याला सगळे शेपूट म्हणत. शेपूट आता वर निपचित पडलं होतं. येता येताच आईने त्याला डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी घेतली होती. मुनीम मात्र घरात पिशवी टाकून थेट कपाटाशी आली होती.

"आपल्यात चष्मा कोणाला आहे?" तिने विचारलं.

कोणालाच नव्हता. मुनीमने चष्मा गेमच्या माहितीपत्रकावर धरला. बारीक अक्षरं टम्म फुगली. म्हणजे हा जवळचं वाचायचा चष्मा, आणि चांगला भक्कम नंबराचा. याच्या मालकाला हा नसताना स्वतःचं नावसुद्धा वाचता येणार नाही. बॅटरीला वाटलं, हा कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांचा. बिचारे बिनचष्म्याने कोणाच्या शर्टाला तीन बाह्या लावत असतील, असं म्हणत ती निघालीसुद्धा.

शिंपीकाका कोटाची कॉलर शिवत बसले होते. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. डोळे मात्र लालभडक झाले होते. दातांची तार ठेवणाऱ्या मुलाच्या आईइतक्याच वैतागाने ते म्हणाले की डोळे आलेत, थेंब आणून ठेवलेत, पण ही कॉलर झाल्याशिवाय हात रिकामा नाही, तेव्हा पळा.

दोघी परत फिरल्या. जिन्यात आई भेटली. तिच्या हातात औषधाचं गुलाबी खोकं होतं. "ते कपाट पुरे आता, वर ये," असं बजावून ती घाईघाईने चढून गेली.

मुनीमने चष्मा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. उजवी काडी मोडली होती आणि तिच्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती. जखमेवर लावतात ती. मुनीम थबकली. ही पट्टी तिने पाहिली होती, रोज पाहत होती. इमारतीच्या तळमजल्यावर औषधांचं दुकान होतं आणि ते चालवणारे औषधवाले काका कुठलीही मोडकी वस्तू त्याच पट्टीने बांधत. त्यांच्या स्टुलाचा पाय, पंख्याचं बटण, गल्ल्याची मूठ, सगळं त्या पट्टीवर उभं होतं. दुकानाचं मागचं दार तर कपाटाच्या शेजारीच उघडत होतं!

"काका गेम खेळतात?" बॅटरीने आ वासला.

दोघी मागच्या दारातून हळूच डोकावल्या. काका काउंटरच्या आड मान खाली घालून बसले होते. हातात त्यांच्या मुलाचा जुना छोटा व्हिडिओ गेम होता आणि त्यातून फटाफट फुगे फुटत होते. लाल फुग्याला लाल, निळ्याला निळा. त्याला काही वाचावं लागत नव्हतं, रंग दिसले की पुरे. काकांची तंद्री लागली होती.

इतक्यात समोरून एक गिऱ्हाईक आलं. काकांनी त्याची चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली, हं हं केलं, फळीवरचं एक हिरवं खोकं काढून दिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मुनीमला वेगळीच शंका आली. बिनचष्म्याचे काका औषधंही फुग्यांसारखीच नुसता रंग बघून देत होते की काय? छे, असं कसं होईल! पण खात्री करायलाच हवी होती. तिने बॅटरीच्या कानात काहीतरी सांगितलं. बॅटरीने एक कागद घेऊन त्यावर डॉक्टर लिहितात तसं तिरपं, पण स्पष्ट लिहिलं. काका, तुमचा चष्मा आमच्याकडे आहे. हे वाचता येत असेल तर हसा.

पुढच्या दाराने जाऊन तिने कागद काउंटरवर ठेवला.

काकांनी तो लांब धरला, जवळ धरला. हसले नाहीत. उलट चेहरा गंभीर केला, वळून फळीवरून गोळ्यांचं एक पाकीट काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"दोन वेळा, जेवणानंतर," ते म्हणाले. "कोण आजारी आहे गं?"

बॅटरीचे सेल संपले. तोंड उघडं, पण आवाज बंद! ती हातातल्या पाकिटाकडे आणि काकांकडे नुसती आळीपाळीने बघत राहिली. मागच्या दारात मुनीम थिजली होती. हसण्यासारखी गोष्ट होती, पण दोघींनाही हसू फुटेना. आणि तेवढ्यात मुनीमला ते गुलाबी खोकं आठवलं.

जिना कसा चढला ते तिला कळलंही नाही. घराचं दार उघडंच होतं. आतल्या खोलीत आईने शेपटाला उठवून मांडीशी टेकवून बसवलं होतं. शेपटाने डोळे मिटून तोंड उघडलं होतं. चमचा ओठांपाशी पोचला होता.

"आई, नको!"

मुनीमने हात मारला आणि चमचा उडून भिंतीवर आपटला. औषधाचा ओघळ चादरीवर आला. शेपूट भोकाड पसरून रडायला लागलं. आईने संतापून उठत हात उगारला, "वेड लागलंय का तुला?" म्हणून ती कडाडली. मुनीमने बाटली उचलली आणि ती बारीक अक्षरं वाचायला लागली.

"खाजेवर वरून लावण्यासाठी. पोटात घेऊ नये. विषारी."

आईने बाटली तिच्या हातातून घेतली. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मग पलंगाच्या कडेवर ती खाली बसली, शेपटाला तिने इतकं घट्ट धरलं की ते रडायचं विसरून गुदमरायला लागलं. दरवेळी तापाचं औषध याच गुलाबी खोक्यात येतं, असं ती स्वतःशीच पुटपुटत होती. घाईत होते गं, खोकं बघितलं आणि वाचलंच नाही. आईला असं घाबरलेलं मुनीमने कधी पाहिलं नव्हतं आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

शेजारच्या काकूंना शेपटापाशी बसवून आई खाली उतरली. काका आधी ऐकायलाच तयार नव्हते. म्हणाले, अहो ताई, उभा जन्म गेला या दुकानात, डोळे बांधले तरी औषध काढून देईन. आईने बाटली समोर ठेवली, बॅटरीने कागद ठेवला आणि मुनीमने चष्मा त्यांच्या नाकावर चढवला.

काकांनी बाटली वाचली. मग कागद वाचला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मुलाने घेतलं?" त्यांना एवढंच विचारता आलं.

नाही म्हटल्यावर त्यांनी काउंटरला धरून श्वास सोडला. मग हातातला व्हिडिओ गेम खणात टाकून त्यांनी शटर ओढलं. चष्मा काल दुपारी ठेवला होता. तेव्हापासून कोणकोण येऊन गेलं ते आठवत आठवत ते गल्लीत धावत सुटले. मागे मुनीम, बॅटरी आणि आई. घराघरांत जाऊन काका हात जोडत, औषध मागून घेत, डोळ्यांजवळ नेऊन वाचत. हिरव्या खोक्यातलं बरोबर निघालं. दम्याच्या आजींचं बरोबर निघालं. एकेक बरोबर निघत गेलं, तरी कोणाचाच जीव भांड्यात पडेना. आणि मग मुनीमला लाल डोळे आठवले.

शिंपीकाकांची कॉलर नेमकी तेव्हाच शिवून झाली होती. चष्मा काढून, मान वर करून, बाटली उलटी धरून ते बसले होते. बॅटरीचे सेल एकदम चार्ज झाले आणि ती अशी किंचाळली की शिंपीकाकांच्या हातून बाटली सुटून कोटावर पडली. ते थेंब कानातला मळ काढायचे होते.

कोट खराब झाला, पण डोळे वाचले. शिंपीकाका आधी कोटाकडे बघून भडकले, मग बाटलीवरचं वाचून बॅटरीच्या डोक्यावर त्यांनी कितीतरी वेळ हात ठेवला.

परत येताना मुनीमने काकांना विचारलंच, की चष्मा कशाला ठेवलात? दुसरं काही मिळालं नाही का?

काका ओशाळले. म्हणाले, "तुझा नियम वाचला ना बाई. ज्याच्यावाचून अडतं तेच ठेवायचं. मी तर प्रामाणिकपणे ठेवला. वाटलं, एक दिवस निभावून नेईन."

मुनीमला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ज्या नियमाचा तिला एवढा अभिमान होता त्यात कसलीच पळवाट नव्हती, आणि म्हणूनच आज शेपूट मरता मरता वाचलं होतं. गेम हरवू नयेत एवढाच विचार तिने केला होता. माणसाचं खरंच अडलं तर काय, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कपाटापाशी पोचताच तिने तो कागद टराटरा फाडला. काका म्हणाले, चूक माझी आहे, तुझी नाही. तिने मान हलवली, पण कागदाचे तुकडे काही तिने खाली ठेवले नाहीत.

संध्याकाळी मुनीमच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. डॉक्टर शेपटाला पुन्हा तपासून गेले. जाताना त्यांनी औषधवाल्या काकांची सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली आणि काकांनी ती मान खाली घालून ऐकून घेतली. दुकानात आता मुलगाही बसेल आणि दोघांनी वाचल्याशिवाय एकही बाटली बाहेर जाणार नाही, असं त्यांनी कबूल केलं. डॉक्टर दोघींना म्हणाले, एवढ्या लोकांनी औषधं घेतली, पण शंका फक्त तुम्हाला आली. बाबांनी कामावरून आल्या आल्या मुनीमला उचललं, ती उचलण्याएवढी लहान राहिली नव्हती तरीही. बॅटरी प्रत्येक नव्या पाहुण्याला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत होती आणि दर वेळी तिच्या किंकाळीचा आवाज वाढत होता. मुनीम हसत होती, मान हलवत होती. रडली मात्र नाही, सबंध दिवसात एकदाही नाही.

मंडळी पांगली. रात्रीच्या औषधाची वेळ झाली. आईने शेपटाला टेकवून बसवलं, नवी बाटली आणली, चमचा पुसला. मग झाकण उघडायच्या आधी तिने बाटली मुनीमपुढे धरली.

"तू वाच," आई म्हणाली.

"तू वाचलंस ना?"

"वाचलं. बाबांनीही वाचलं. आता तू वाच. तू वाचल्याशिवाय देणार नाही मी."

मुनीमने बाटली दिव्याखाली धरली. औषधाचं नाव वाचलं, कशावर आहे ते वाचलं, लहान मुलाला किती द्यायचं ते वाचलं. शेपूट तोंड उघडून ताटकळत बसलं होतं. झालं का, असं त्याने दोनदा विचारलं.

"पोटात घेण्यासाठी," मुनीमने वाचलं, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. आईने एका हाताने तिला जवळ ओढलं आणि दुसऱ्या हाताने चमचा भरला.