बाईसाहेबांच्या शेपटीतली गाठ

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुम्हा दोघींपैकी एकीचाही विश्वास बसणार नाही. माझ्या आजवरच्या सगळ्या थापा तुम्ही आ वासून ऐकल्यात, आणि नेमकी ही एकच गोष्ट खरी आहे. अक्षरन् अक्षर खरी. हवं तर आजोबांना विचारा. ते काय, खिडकीशी बसलेत, फाटक्या पुस्तकाला खळ लावत, आणि आपलं इकडे लक्षच नाही असं दाखवतायत. चाळीस वर्षं ते असंच दाखवत आलेत.

तर तेव्हा माझं कुत्र्यांचं पार्लर होतं. एकीकडे किल्ल्या बनवणारा, दुसरीकडे चष्मेवाला, आणि मध्ये मी. एक टेबल, एक टब, एक वाळवायचं यंत्र. माझ्यासारखा हात त्या शहरात दुसरा नव्हता. मी म्हणत नाही, कुत्री म्हणायची.

एका शनिवारी दुपारी दार उघडलं आणि आत केसांचा लोंढाच आला. सोनेरी, जमिनीवर लोळणारा. तो येतच राहिला, येतच राहिला... मी मधे उठून चहा ठेवला, गाळला, प्यायले. तेव्हा कुठे शेपटी आत आली. आणि तिच्यामागून एक चष्मा आला. चष्म्यामागे एक लाजरा माणूस.

"कुत्रीचं तोंड कुठल्या बाजूला आहे?" मी विचारलं.

"या बाजूला," तो म्हणाला. "म्हणजे... मघाशी तरी इकडेच होतं."

"तुमची आहे?"

"आत्याची. आत्याचा गुडघा धरलाय, म्हणून मी घेऊन आलो. मी बाइंडर आहे. पुस्तकं बांधतो."

"आणि ही?"

"ही नाही बांधत."

हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसावं की नाही तेच कळेना. म्हणून मी हसले.

कुत्रीचं कागदोपत्री नाव हातभर लांब होतं, पण घरात तिला सगळे बाईसाहेब म्हणत. मी केसांत बोटं घातली तर आत केस नव्हतेच. नमदा होता नमदा! घोड्याच्या पाठीवर घालावा तसा.

"हे काय केलंत?"

तो चष्मा पुसू लागला. "ती माझ्या खळीच्या घमेल्यात बसली. जुन्या पुस्तकाची पाठ सोडवायची तर ऊन पाण्यात भिजवतात. वीस मिनिटांत खळ अलगद सुटते. म्हणून मी हिलाही..."

"भिजवलीत. मग, सुटली खळ?"

"खळ सुटली. बाकीचं सगळं घट्ट झालं."

मुलींनो, हे लक्षात ठेवा. लांब केसांचं कुत्रं आधी विंचरायचं, मग भिजवायचं. कोरडा गुंता म्हणजे नुसतं भांडण. तोच भिजून वाळला की कोर्टकचेरी.

"कापावे लागतील का?" त्याचा आवाज खाली गेला. "दहा आठवड्यांनी कुत्र्यांचं प्रदर्शन आहे. तिचं शेवटचं. त्यानंतर आत्या तिचे केस बारीक करून घेणार आहे, बिचारीला मनसोक्त लोळता यावं म्हणून. पण आता कापले तर आत्या मला कापेल."

"हात धुवा," मी म्हणाले. "स्टूल घ्या. तिचं डोकं मांडीवर धरा."

आणि मी बसले. थोडा फवारा मारायचा, कारण अगदी कोरडे केस तुटतात. मग एकेक बट घ्यायची, टोकाकडून सुरुवात करायची आणि मुळाकडे सरकायचं. गुंता बोटांनी उकलायचा, फणी शेवटी. आणि डाव्या हाताने बट मुळाशी घट्ट धरायची. तो वाकून बघत होता. माझा फवारा त्याच्या चष्म्यावर उडाला, पण त्याने तो पुसला नाही.

"मुळाशी का धरता?"

"म्हणजे ओढ माझ्या बोटांना बसते, तिच्या कातडीला नाही."

त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुमच्या बोटांना दुखत नाही?"

आता काय सांगू... सात वर्षं मी ते दुकान चालवत होते. येणारा प्रत्येक जण कुत्र्याला दुखतंय का ते विचारायचा. बोटांचं विचारणारा हा पहिला.

"सवय आहे," मी म्हणाले. आणि उगाचच तोंड फिरवून फणी शोधू लागले. फणी हातातच होती.

त्या दिवशी बाईसाहेबांच्या केसांतून दोन बटणं, एक चमचा, बसचं तिकीट आणि माझी महिन्यापूर्वी हरवलेली कात्री निघाली.

"आजी," धाकटी म्हणाली, "ती तर तुझ्या दुकानात पहिल्यांदाच आली होती ना?"

म्हणून तर मलाही नवल वाटलं.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. प्रदर्शनाच्या कुत्र्याचे केस रोज मोकळे ठेवत नाहीत, घासून तुटतात. एकेक बट कागदात घालून तिची घडीघडीची पुडी करायची आणि वरून रबर लावायचं. रबर कागदावर, केसांवर नाही. आणि कातडीपासून अंगठाभर लांब. प्रत्येक पुडीनंतर मी बाईसाहेबांना बसवायची, उठवायची, अंग झाडू द्यायची. कान जरा जरी ओढला गेला तरी ती पुडी सोडून पुन्हा बांधायची. माझा एकच नियम होता: केस प्रदर्शनाचे असतील, कातडी तिची आहे.

बाइंडरने माझा कागद दोन बोटांत चोळला आणि मान हलवली. "कडक आहे. पोटाशी टोचेल."

"मग तुम्ही आणा की मऊ."

मी सहज म्हणाले होते हो! पण तिसऱ्या शनिवारी तो एक गठ्ठाच घेऊन आला. पुस्तकातल्या चित्रांवर घालतात ना, तसला सायीसारखा कागद. प्रत्येक तुकडा मापात, आणि कडा कापलेल्या नाहीत, हाताने अलगद फाडलेल्या.

"कापली की कडेला धार येते," तो म्हणाला. "फाडली की येत नाही."

त्या आठवड्यात बाईसाहेब एकशे साठ पुड्या घालून रस्त्याने निघाल्या. चालताना अशी सळसळ व्हायची की लोकांना वाटायचं, वाऱ्यात अख्खं वाचनालय फिरायला निघालंय.

आणि चौथ्या शनिवारी ती गाठ सापडली.

शेपटीच्या अगदी टोकाला, जिथे मांस संपतं आणि नुसते केस उरतात, तिथे. एकच. नीटनेटकी.

"हे कसं झालं?"

"काही कल्पना नाही," बाइंडर म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

कुत्र्यांना पुष्कळ गोष्टी जमतात. माझ्याकडे एक शिट्टी वाजवणारा होता. पण बाइंडरची गाठ मारायला बाईसाहेब कुठे शिकल्या असतील? मी मात्र चकार शब्द काढला नाही. खाली बसले आणि सोडवायला घेतली. निरगाठ होती, बरं का! अशी करकचून आवळलेली. दोन तास लागले, दोन तास!

खिडकीशी आजोबा खोकले.

"घसा बसला का हो?"

"नाही," आजोबा म्हणाले. "चालू दे तुझं."

पाचव्या शनिवारी पुन्हा गाठ. सहाव्यालाही. दर वेळी दोन तास. आता दोन तास दोन माणसं तोंडं शिवून थोडीच बसणार? तो मला शेवटची पानं हरवलेल्या पुस्तकांबद्दल सांगायचा. अशी पुस्तकं दुरुस्तीला आली की तो स्वतःच शेवट रचायचा, मनातल्या मनात.

"चांगला की वाईट?" मी विचारलं.

"चांगलाच. वाईट शेवट रचायला मला काय कुणी सांगितलंय?"

"बरं, या शेपटीचं काय करायचं? फार वात्रट झालीय."

"घरी नीट असते. शुक्रवारपर्यंत."

"शुक्रवारी काय होतं?"

"शुक्रवारी..." त्याने बाईसाहेबांच्या कानाकडे बघत म्हटलं, "शुक्रवारी मला सुट्टी असते."

बघा आता! एवढं बोलला, आणि त्यापुढे एक अक्षर नाही. मीही नाही. आणि शनिवार तर सरत चालले होते. सातवा गेला, आठवा गेला. दहाव्यानंतर प्रदर्शन, प्रदर्शनानंतर केस बारीक, आणि बारीक केसांच्या कुत्रीला दर शनिवारी माझ्याकडे कोण कशाला आणील? तो मी बोलेन म्हणून वाट बघत होता, मी तो बोलेल म्हणून. बाईसाहेब मधल्यामधे घोरत होत्या. दहाव्या शनिवारी जाताना तो दारात थांबला, तोंड उघडलं, आणि म्हणाला, "कागद उरलाय थोडा." एवढंच. मी रात्रभर... जाऊ दे.

रविवारी प्रदर्शन. केवढा तो हॉल! जिकडे तिकडे टेबलं, वाळवायच्या यंत्रांची घरघर, आणि फवाऱ्यांचं असं धुकं की दोन कुत्री चुकून दुसऱ्याच घरी गेली. आमच्या टेबलाशी आत्या खुर्ची टाकून बसली होती, गुडघ्याला पट्टा बांधून. आत्या म्हणजे काय सांगू... तिच्यासमोर बाइंडरने आजवर एकही वाक्य पूर्ण केलेलं नव्हतं.

पुड्या सोडल्या. केस असे उतरले, जशी कुणी सकाळ ओतली. पण डोक्यावरचा झुपका आत्याने स्वतः बांधला होता, नव्या रिबिनीने, खच्चून.

"डोळे कसे टपोरे दिसतायत बघ!" आत्या म्हणाली.

"टपोरे नाहीत, ओढले गेलेत," मी म्हणाले. "तिला पापणी मिटता येत नाहीये."

"पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"पाच मिनिटं तिची आहेत, आपली नाहीत."

बाईसाहेब कुंईसुद्धा करत नव्हत्या. नुसत्या पुतळ्यासारख्या उभ्या, आणि हळूच कपाळ माझ्या कोपराला घासत होत्या. परीक्षक दोन टेबलं पलीकडे आले होते. मी हात पुढे केला.

"हात लावलास," आत्या म्हणाली, "तर या शहरातलं एकही कुत्रं पुन्हा तुझ्या टेबलावर चढणार नाही. मी बघते ना!"

आणि ती बघणारी होती. सगळे कुत्रेवाले तिच्या ओळखीचे. माझा हात तिथेच थांबला. एक क्षणभरच. पण थांबला, ते मी कबूल करते.

तेवढ्यात दुसरा हात पुढे आला. बोटांना खळीचा वास असलेला. त्याने रिबिनीचं टोक धरलं आणि ओढलं. झुपका धबाबा डोळ्यांवर कोसळला.

"आत्या," बाइंडर म्हणाला, "तिला दुखत होतं. आणि कुणाच्या टेबलावर कोण चढणार, ते तू ठरवायचं नाहीस."

पूर्ण वाक्य! दोन वाक्यं! आत्याने तोंड उघडलं ते मिटायचंच विसरली.

मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही बांधा. सैल."

माझे हात कधी थरथरत नाहीत. त्या दिवशी टेबल थरथरत होतं. मी बट घेतली, मुळाशी धरली, आणि तो रिबीन हातात घेऊन इतका जवळ उभा होता की त्याचा श्वास माझ्या मनगटावर...

"आता हिचे केस कापणार," तो म्हणाला.

"हो. परवाच."

"मग शनिवारी मी... येऊ का?"

"कुत्रीशिवाय?"

"कुत्रीशिवाय."

"आणि मी विंचरायचं काय?"

त्याने क्षणभर विचार केला. "मी केस वाढवीन."

मी वर बघितलं. त्याचं कपाळ तेव्हाच मागे सरकायला लागलं होतं, हे काय सांगायला हवं! "तुमचे केस वाढायला दहा वर्षं लागतील," मी म्हणाले.

"मला चालेल," तो म्हणाला. "तुम्हाला?"

मी रिबिनीचा फास दोन बोटं सैल ठेवला आणि म्हटलं, "शनिवारी लवकर या."

पुढे काय विचारता! बाईसाहेबांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि अंग असं झाडलं की परीक्षक केसांत दिसेनासे झाले. त्यांना शोधायला पाव तास लागला. बाहेर आले ते डोळे पुसतच. पहिला नंबर! कप एवढा मोठा की घरी जाताना आत्या त्यातच बसून गेली. गुडघ्याला बरं पडलं.

"पण आजी," थोरलीने विचारलं, "त्या गाठींबद्दल तू आजोबांना कधीच काही विचारलं नाहीस?"

कशाला विचारू? बिचारे लाजेनं मेले असते. लबाडी सगळी त्यांची, मी आपली सरळमार्गी बाई. त्यांनी करकचून निरगाठी मारायच्या, आणि मी दोन-दोन तास बोटं सोलून घेत त्या सोडवायच्या. एक मिनिटही जास्तीचं घेतलं असेल तर शपथ...

"खोटं!"

आजोबांनी खळीचा ब्रश खाली ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवला. तिथे आता पुष्कळ जागा आहे.

"कप तेवढाच मोठा होता, मी पाहिलाय. परीक्षकही सापडत नव्हते. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण निरगाठ मी तिच्या शेपटीला एकदाही मारली नाही. ओढ बसली असती तिला. सुरगाठ होती ती, अगं. एक टोक धरून ओढलं की सुटायची." ते पहिल्यांदाच आमच्याकडे नीट वळून बसले. "मग तुला दोन तास कसले लागत होते?"