शेजारची सीट रिकामीच व्हती

टायर येईस्तोवर दीड-दोन तास जाणार. ट्रॉलीला टेकून बसा सगळी, ऊस कुठं पळून जात न्हाई. ऋष्या, तो मोबाइलचा उजेड बंद कर, डोळ्यावर येतोय.

मघाशी भुताचं इचारत व्हतास न्हवं? आता ऐक. पलटणीत सतरा वर्षं गाडी चालवली मी, मसनवट्याशेजारी झोपलो, कवा काय दिसलं न्हाई. पण ही एक गोष्ट खरी. त्यातला अर्धा रस्ता मी स्वतः गाडी चालवलीय.

गेल्या सालची मे महिन्याची पंधरा तारीख, गुरुवार. मला काम एवढंच व्हतं, रहिमतपुरातनं मोठी गाडी काढायची, रात्री अडीचच्या आत मुंबईच्या विमानतळावर पोचायचं आन धैर्यशीलला, त्याच्या बायकोला आन पोरीला घिऊन यायचं. धैर्यशील म्हंजे माझा तवाचा मालक. चाळीस एकर ऊस, वर रस्त्याची कंत्राटं. तोंडावर मी त्याला दादा म्हणायचो. मागं काय म्हणायचो ते ऱ्हाऊ दे.

माणूस हलकट न्हवता. हलकटाला निदान तुमच्याकडनं कायतरी पायजे असतं. ह्याला दुसरं माणूस दिसायचंच न्हाई. गड्यानं रामराम घातला, तर हा त्याच्या मागच्या भिंतीकडं बघायचा.

आठ दिवस दुबईला गेलती तिघं. येताना रातचं विमान, बिझनेस क्लास. त्यात खुर्चीची खाट करता येती, पाय लांब करून झोपायचं. ह्यानं बसल्या बसल्या पाय पसरून फोटो काढला आन गावाच्या ग्रुपवर टाकला. तोंड न्हाई, नुसतं पाय. सगळ्या गावाला तळवं दावलं! आन गावानं त्याला शंभर-सव्वाशे अंगठं दिलं. एक माझा बी व्हता, खोटं कशाला बोलू.

विमानात काय झालं ते मला अंकितावहिनींनी सांगितलं, त्याच्या बायकोनं. बाई पुण्यात शिकलेली, सरळ. पदरचं घालून सांगणारी न्हवं.

दुबईत विमानात चढायच्या रांगेत हा फोनवर मोठ्यामोठ्यानं आपल्या बोलीत बोलत व्हता. ते ऐकून एक पोरगा जवळ आला. पंचवीस-सव्वीसचा, पायात स्लिपर, हातात कागदांची पिशवी. अमृत त्याचं नाव.

"आवं साहेब, तुमी साताऱ्याकडचं का?"

"का?"

"मी जतकडचा. माझा थोरला भाऊ हाय संगं... धुळा."

धैर्यशीलनं हिकडं तिकडं बघितलं. "कुठाय?"

"खाली, साहेब. पेटीत."

दोघं भाऊ तिकडं बांधकामावर व्हती. थोरला सातव्या मजल्यावरनं पडला. कागद व्हायला अठरा दिवस गेलं. आता मुंबईत पेटी सोडवून घ्यायची, तर अर्ज इंग्रजीत, आन अमृतला इंग्रजी येत न्हाई. अर्धा तास संगं उभं ऱ्हावा, दोन कागद लिहून द्या. एवढंच मागणं.

"मेंढरं का तुमची?" धैर्यशीलनं इचारलं.

"व्हय."

"मग ती राखायची सोडून दुबईला कशाला मरायला आला व्हता? आन हे बघ. मी बिझनेस क्लासचं तिकीट काढलंय ते मढी सोडवायला न्हाई."

रांगेतली माणसं ऐकत व्हती. अमृत "बरं साहेब" म्हणला आन मागं जाऊन उभा ऱ्हायला. वहिनी म्हणाल्या, "काका, मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मान खाली घातली."

विमानात वहिनी आन त्यांची लेक क्रांती एका बाजूला. मधी चालायची वाट. पल्याड धैर्यशील. त्याच्या शेजारची, खिडकीकडची सीट रिकामी. जेवणं झाली, दिवं मालवलं. क्रांती झोपली, वहिनींचा बी डोळा लागला.

आपल्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झालती. नवऱ्याच्या आवाजानं वहिनींना जाग आली.

"ए, ऊठ. मागं जा."

मग गप्प.

"तुला एकदा सांगितलंय न्हवं? हितं बसायचं न्हाई."

गप्प...

"खाली गार हाय? मग पांघरूण माग की त्या बाईकडं."

...

"मागितलं? मग?"

...

"देत न्हाईत म्हंजे?"

वहिनींनी वाकून बघितलं. शेजारची सीट रिकामी व्हती.

"अहो, कोणाशी बोलताय?"

"तोच मघाचा मेंढक्या. हितं येऊन बसलाय. गार लागतंय म्हणं."

"मागं गार लागतंय म्हणाला... की खाली?"

मान वळवून धैर्यशीलनं खिडकीकडं बघितलं, आन बघतच ऱ्हायला. मग एकदम बटण दाबलं. एकदा न्हाई, चार-पाच बार.

विमानातली बाई पळत आली. "ह्याला उठवा," हा म्हणला. तिनं सीटकडं बघितलं. ह्याच्याकडं बघितलं. "सर, इथं कोणीच नाही."

हा तसाच उठला आन पडदा सारून मागं निघाला. वहिनी त्याच्या मागं. अमृत पार शेवटच्या रांगेत, मधल्या सीटवर. दोन्हीकडची माणसं घोरत व्हती आन हा कागद मांडीवर धरून टक्क जागा.

"पुढं आला व्हतास?"

"न्हाई साहेब. जागचा हाललो बी न्हाई."

"मग तिथं कोण बसलाय?" आता धैर्यशीलचा आवाज बारीक झालता. "तुझ्यासारखाच दिसतो. दाढ दुखल्यागत हनुवटीखालनं फडकं बांधलंय..."

अमृतनं मांडीवरचं कागद पिशवीत घातलं.

"ते मीच बांधलं, साहेब," म्हणला. "तोंड मिटत न्हवतं त्याचं."

आता कुणी बी माणसानं काय केलं असतं? निदान खाली बसला असता, दोन शब्द बोलला असता. हा न्हाई. ह्यानं शर्ट नीट केला, पुढं आला आन मुंबई येईपतोर दोन सीटच्या मधल्या वाटंत उभा ऱ्हायला. बस म्हणलं तरी बसंना. उतरताना अमृत दिसला, तर बघितल्या न बघितल्यासारखं करून निघाला. पाय पसरणाऱ्याची ही मर्दुमकी!

साडेतीनला ती बाहेर आली. बॅगा मी डिकीत टाकल्या. वहिनी आन पोरगी मधल्या बाकावर, हा माझ्याशेजारी. मागचा बाक मोकळा.

गाडी हलली आन आवाज सुरू झाला. टुंग... टुंग... टुंग... मागं कुणी पट्टा न लावता बसलं की ही गाडी असा आवाज करती. मी म्हणलं बॅग असंल. उतरून बघितलं. बाकावर काय न्हाई. मोकळाच पट्टा खाचंत बसवला. आवाज थांबला.

दोन मिनिटं. मग परत... टुंग... टुंग...

पुन्हा उतरलो. पट्टा सुटलेला व्हता.

वहिनींनी तवा मला सगळं सांगितलं, हळू आवाजात, पोरगी उठू ने म्हणून. हा नुसता "गप बस" म्हणत व्हता. मेचा महिना, मुंबईचा उकाडा, एसी मी बंद केलेला. तरी काचा आतनं धुकटल्या. बोलताना तोंडातनं वाफ निघाय लागली.

पनवेलच्या अलीकडं वहिनी म्हणाल्या, "जोतीरामकाका, गाडी मागं वळवा. मी लिहून देते त्याचे अर्ज."

"चल म्हणतो न्हवं पुढं!" हा वराडला.

मी गाडी कडंला घेतली. इंजिन बंद केलं, चावी काढली.

आवाज चालूच.

"दादा, आमी जाऊन येतो," मी म्हणलं. "तुमी नुसतं बसून ऱ्हावा."

"मढ्यासाठी मी परत जाऊ? एका मेंढक्याच्या मढ्यासाठी?" दार उघडून तो खाली उतरला. "उद्यापासनं कामावर येऊ नगंस." पुढं जाऊन हात करून एक टॅक्सी थांबवली आन बसला. बायकोकडं न्हाई बघितलं, झोपलेल्या लेकराकडं न्हाई.

टॅक्सी निघाली.

आन आवाज थांबला.

बघता बघता काचा निवळल्या. वहिनींनी पोरीला जवळ ओढलं.

गाडी वळवली. विमानतळाच्या मालखात्याबाहेर अमृत फुटपाथवर बसला व्हता. वहिनींनी अर्ज लिहिलं, तिथल्या साहेबांशी बोलल्या. साडेनवाला पेटी ताब्यात आली. गावानं धाडलेली शववाहिका दहाला आली. अमृतनं वहिनींना हात जोडलं. त्याच सांजेला धुळाला मूठमाती मिळाली, असा अमृतचा फोन आला मला. म्हंजे धुळा त्याच्या घरी पोचला. पोचला का न्हाई? तुमीच सांगा.

रातभरचा जागा मी, म्हणून वाटंत दुपारभर झोप काढली; आमी रहिमतपुरात आलो तवा रात्रीचं साडेनऊ झालतं. बॅगा घिऊन मी माडीवर गेलो. धैर्यशील चार रजया घिऊन पडलेला. दात वाजत व्हतं. एवढा मोठा पलंग, आन हा पार कडंला, एक पाय खाली सुटलेला. पल्याडची अर्धी गादी ओली. पाणी सांडल्यागत न्हवं... डोक्यापासनं टाचंपतोर, माणसाच्या लांबीएवढी. मी हात लावला आन लगीच काढला. बर्फ.

वहिनी पोरीला घिऊन पुण्याला गेल्या त्या गेल्या. मी बी परत त्याच्या दारात चढलो न्हाई. तिथं धुणंभांडं करणारी रंगूबाई सांगती, तीन गाद्या बदलल्या. रातभर मालक कडंला पडून कुणालातरी सांगत असतो, "मागं जा... मागं जा..." माज अजून गेला न्हाई बघ. "ये, बस" एवढं तोंडातनं निघत न्हाई.

परवा त्या रस्त्यानं आलो. दुपारचं दोन वाजलं व्हतं, डांबर पघळत व्हतं उन्हानं. त्याच्या गच्चीवर गादी वाळत घातलेली. रंगूबाई म्हणली, सकाळी सातला टाकलीय.

पाणी अजून ठिबकत व्हतं.