झाकलेली बाजू

नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी प्रताप नगरच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. कडुलिंबाची सावलीसुद्धा खोडाला चिकटून बसली होती. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून म्हातारा बळीराम फोटोच्या दुकानात पोचला.

उद्या त्याच्या गेलेल्या बायकोचं, भीमाबाईचं, पुण्यानुमोदन. हार घालायला तिचा फोटो असा एकच. पुतणीच्या लग्नातला, शेजारच्या इंदुताईबरोबर, दोन्ही हात जोडून उभी. भीमाबाईला एकटीनं कुठं जायची सवयच नव्हती. बाजाराला निघाली तरी कुंपणावरून आधी इंदुताईला हाक मारायची.

"इंदुताईले यातून काढ, बाई," तो दुकानातल्या मिनलला म्हणाला. "जितं माणूस आहे. तिच्यावर हार नको पडाले."

मिनलनं फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर भीमाबाईभोवती लांबट गोल आखला. बाजूची इंदुताई दिसेनाशी झाली.

"पुसलं का?"

"पुसलं नाही काका, झाकलं. खाली सारं आहेच."

बळीरामच्या मनाला ते लागून राहिलं. झाकलेल्याचा काय भरवसा?

मिनलनं तीच फाईल छपाईच्या कॉम्प्युटरवर उघडली, तर झाकण उडालेलं. इंदुताई परत हजर.

"पीडीएफचा रोजचाच कुटाणा आहे, काका," मिनल हसली. "एक सॉफ्टवेअर झाकण मानते, दुसरं मानतच नाही."

बळीराम हसला नाही. पडद्यावर भीमाबाईचा एक हात इंदुताईच्या खांद्यावर होता.

त्यानं आपल्या हातातला कागदी फोटो डोळ्यांजवळ नेला. तिथं हात जोडलेलेच.

"तू हलवला का हा हात, बाई?"

"मी काहून हलवू..." मिनलचं हसू विझलं. "थांबा, तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहू."

फाईल हळूहळू उघडली. लांबट गोल कोराच होता. आत कोणी नव्हतं. भीमाबाई गोलाच्या बाहेर आली होती, इंदुताईच्या कानाशी तोंड नेऊन. कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात एकाएकी आवळ्याच्या तेलाचा वास मिसळला. ती डोक्याला लावायची, तेच.

"बंद कर... बंद कर, माय."

मिनलनं मशीनची वायरच ओढली.

बळीराम कसा चालत घरी आला, त्याचं त्याला कळलं नाही. ऊन अंगाला लागत नव्हतं. इंदुताई कुंपणाशीच उभी होती. भर उन्हात, नवं लुगडं नेसून, पायात चप्पल. एका हातानं खांदा दाबत होती.

"इंदुताई... कुठं निघाली?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग बाजूच्या रिकाम्या जागेकडे.

"आताच खांदा जड झाला गा, भाऊ. अन् भीमा कानात म्हणे, चाल ना वं, एकटीले करमत नाही... उन्हाची भूल असन. पण मी 'आलीच' म्हणून बसली."