बदललेला सुरा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली आहे. विश्वास ठेवाच असा आग्रह नाही, पण सिबातचा डावा हात एकदा बघा आणि मग हसा.

मी उंजा. कापितपासून बोटीने तीन तास वर, बालेह नदीच्या एका फाट्यावर आमचं सत्तावीस दारांचं लांबघर आहे, म्हणजे एकाच लांब छपराखाली सत्तावीस कुटुंबं. त्या वर्षी रानातल्या एंकाबांगच्या झाडांना फळं उदंड आली होती. फळं आली की रानडुकरं येतात, आणि ती खाऊन त्यांच्या पाठीवर चार बोटं चरबी चढते.

शनिवार होता. दुपारचे दोन. लख्ख ऊन.

भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याला काही माहीत नाही.

आधी सुऱ्याबद्दल सांगतो, कारण सगळं त्याच्यापायीच झालं.

डुक्कर भाल्याने मारता येतं. पण मारल्यावर खरं काम सुरू होतं, आणि तिथे सुराच लागतो. माझा मेव्हणा सिबात एकदा सिबू शहरातून घडीचा सुरा घेऊन आला. ओसरीवर बसून सगळ्यांना उघडझाप करून दाखवत होता. माझे सासरे तेव्हा हयात होते. नातवंडं त्यांना आकी, म्हणजे आजोबा म्हणायची, म्हणून अख्खं घर आकीच म्हणायचं.

"छान आहे," आकी म्हणाले. "नखं काढायला."

"आकी, परदेशी पोलाद आहे."

"असेल. बिजागरीत चरबी गेली की डुकराच्या पोटातच मिटेल. तुझ्या बोटांवर. मग ये माझ्याकडे परदेश घेऊन."

सगळी ओसरी हसली. सिबातने सुरा खिशात टाकला.

आकींचा सुरा घडीचा नव्हता. पातं जेमतेम सहा इंच, ट्रकच्या कमानपाट्यापासून ठोकलेलं. पातं आणि मुठीत गेलेली त्याची शेपटी एकाच लोखंडाची. मूठ सांबरशिंगाची, रक्ताने हात बुळबुळीत झाला तरी न फिरणारी. पोट फाडायला आकींनीच मला शिकवलं. डाव्या हाताची दोन बोटं कातड्याखाली घालायची, धार वर ठेवायची आणि दोन बोटांच्या मधून टोक पुढे न्यायचं. आतडं फुटत नाही, मांस नासत नाही.

"भुक्कड सुरा चुकतो, पोरा," ते म्हणायचे. "चांगला सुरा जिथे जायचं तिथेच जातो."

त्या सुऱ्यावर माझा डोळा होता. खोटं कशाला बोलू?

आकी गेले तेव्हा तो मोडायचं काम जावई म्हणून माझ्याकडे आलं. आमच्यात मेलेल्या माणसाची हत्यारं मोडून त्याच्याबरोबर पुरतात. मेलेल्यांच्या मुलखात सगळं उलटं असतं. इथे जे तुटकं, ते तिथे अख्खं. इथे जे अख्खं राहिलं, ते त्याच्या काही कामाचं नाही.

मी कबरीजवळ पाठ वळवून बसलो. कमरेला माझा स्वतःचा सुरा होता, बाजारातला, पत्र्यासारखा. डबा उघडताना त्याच्या टोकाला खाच पडलेली. मी तो दगडावर ठेवून आपटला. एका फटक्यात मोडला. टोक आणि मूठ फडक्यात गुंडाळून आकींच्या उशाशी ठेवली.

आकींचा सुरा माझ्या सदऱ्याखाली पोटाला लागत होता. थंड होता.

कोणी पाहिलं नाही. म्हणजे... जिवंत माणसांपैकी कोणी नाही.

नवव्या दिवशी भर दुपारी आवाज आला.

खस्स... खस्स...

नदीच्या घाटावर कोणीतरी दगडावर धार लावत होतं. माणसं सगळी शेतावर. मी खाली गेलो. घाटावर कोणी नव्हतं. धारेचा दगड ओला होता. त्यावर लोखंडाचा काळा गाळ होता, ताजा.

मग रोजच. जेवणाच्या वेळेला. खूप वेळ चालायचं, जणू कितीही घासलं तरी धार बसत नव्हती.

बायकोने, इंपुनने, एका सकाळी भाताचं पान माझ्यापुढे आपटलं.

"आकी स्वप्नात आले होते," ती म्हणाली. "म्हणाले, हा पत्रा कोणी दिला मला? डुकराच्या केसावर वाकतो."

मी भात चिवडत राहिलो.

"म्हणाले, ज्या हाताने बदलला तो हात मी पाहिलाय. तू काय मोडलंस तिथे?"

"त्यांचाच सुरा. माझ्या या हातांनी मोडला."

"शपथ घे."

मी शपथ घेतली. चुलीत धूर नव्हता, तरी तिच्या डोळ्यात पाणी आलं. तिला कळलं होतं असं मला आता वाटतं.

सुरा तेव्हाच मोडायला हवा होता. पण डुकरं उतरली होती. एवढा हंगाम होऊ दे, मग बघू, असं मी मनाला सांगितलं. हाव माणसाला काय काय सुचवते.

त्या शनिवारी मी आणि सिबात चार कुत्री घेऊन टेकडीमागे गेलो. त्यातल्या बेलांग कुत्र्याने डुक्कर उठवलं. मोठा नर, सुळे बोटभर. ओढ्याच्या वळणावर तो उलटला. बेलांगला सुळ्यावर घेऊन त्याने असा फेकला की कुत्र्याची आतडी झुडपाला लोंबली. सिबातने भाला घातला. डुक्कर भाल्यावरच पुढे सरकत आलं, दांडा कोपरभर आत गेला तरी येतच राहिलं. मी बाजूने दुसरा भाला बरगड्यात रोवला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. तोंडावर गरम रक्त उडालं. बऱ्याच वेळाने ते थंड पडलं.

उरलेली तीन कुत्री भुंकायला हवी होती. त्यांना ताजं मांस मिळणार होतं.

ती गप्प होती. डुकरापासून दहा हात लांब, शेपट्या पायात घालून. त्यांची नजर डुकराच्या पलीकडे लागली होती... जिथे कोणी नव्हतं.

मी डुक्कर उताणं केलं. सुरा काढला. डाव्या हाताची दोन बोटं कातड्याखाली घातली आणि वीतभर चिरत नेलं.

"दाजी," सिबात म्हणाला. "ही मूठ मी ओळखतो."

मी वर बघितलं नाही.

"हा आकींचा आहे. तू मोडला नाहीस."

"सिबात, ऐक..."

"मी माझ्या बापाला खांद्यावरून नेला. आणि तू त्याच्या उशाशी काय ठेवलंस? मोड तो. आत्ता, या दगडावर."

"मोडतो. एवढं डुक्कर होऊ दे. या उन्हात तासाभरात मांस नासेल."

सिबात थुंकला.

"ऊठ. माझ्या बापाचा सुरा आहे. शेवटचा मीच चालवणार."

त्याने मला ढकललं. माझ्या हातातून सुरा घेतला. जिथे माझी दोन बोटं होती, अगदी तिथेच, त्याने आपली दोन बोटं घातली. माझ्या बोटांची ऊब अजून तिथे असेल.

तेवढ्यात आवाज आला.

खर्र...

डुकराच्या आतून.

"थांब जरा," मी म्हणालो. "चिरू नको."

"मी कुठे चिरतोय?"

त्याचा उजवा हात हवेत होता. सुरा हवेत होता. मला दोन्ही स्वच्छ दिसत होते.

खर्र... खर्र...

छातीकडून कातडं आपोआप उघडत आमच्याकडे येत होतं. सरळ नाही. वेडंवाकडं, फाटत, अडकत. भोथऱ्या पात्याने कोणीतरी जोर लावून कापत होतं. सिबातने हात ओढला. हात निघेना. आत कोणीतरी मनगट धरून ठेवलं होतं.

मग तो ओरडला. असं ओरडणं मी डुकराच्या तोंडून ऐकलंय, माणसाच्या नाही. मी त्याच्या कमरेला मिठी मारून मागे ओढू लागलो. आत हाडावर लोखंड घासत होतं. एका फटक्यात नाही हो. पाच, सहा, सात वेळा. मी मोजले. इतकं जवळ होतं की मोजावेच लागले.

कट्ट असा आवाज झाला आणि आम्ही दोघे मागे पडलो.

त्याची दोन बोटं नव्हती. अंगठ्याजवळचं आणि मधलं. मी सदरा फाडून हात करकचून बांधला. मग वेड्यासारखं डुकराचं पोट पूर्ण फाडलं, आतडी उपसली, काळीज बाहेर काढलं. बोटं मिळाली नाहीत.

कापितच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशाने कापलं?"

मी आकींचा सुरा पुढे केला. डॉक्टरांनी धार अंगठ्याने बघितली.

"याने नाही. ही जखम भोथऱ्या पात्याची आहे. आणि हे हाडात अडकलं होतं."

ताटलीत त्यांनी लोखंडाचा नखाएवढा तुकडा टाकला. पात्याचं टोक होतं. त्याला डबा उघडताना पडलेली खाच होती.

ते टोक मी स्वतःच्या हाताने पुरलं होतं.

परत आल्यावर सगळ्यांसमोर कबूल केलं. लांबघराच्या प्रमुखाने डुक्कर बळी द्यायला लावलं आणि मला कबरीवर पाठवलं. आकींचा सुरा दगडावर ठेवला आणि कुऱ्हाडीचा तुंबा हाणला. मोडेना. ठिणग्या उडाल्या. तिसऱ्या घावाला तुटला. तुकडे मातीत पुरले, माफी मागितली, लहान पोरासारखा रडलो. इंपुन त्यानंतर चार महिने माझ्याशी बोलली नाही.

घाटावरचा आवाज बंद झाला. मला वाटलं, सुटलो.

गेल्या आठवड्यात सिबात आणि मी ओसरीवर तुआक, म्हणजे तांदळाची दारू, पीत बसलो होतो. दुपारची वेळ. मध्येच त्याने पेला खाली ठेवला.

खस्स... खस्स...

यावेळी दोनचार हातच फिरले. मग आवाज थांबला. धार लगेच बसली होती.

सिबात माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. माझी पाची बोटं पेल्याभोवती होती.

"दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "ती बोटं तुझी जायची होती. माहीत आहे ना तुला?"

मी मान डोलावली.

"त्या दिवशी त्यांच्याकडे भुक्कड सुरा होता," तो म्हणाला. "म्हणून चुकला."

त्याने पेला उचलून उरलेली तुआक संपवली. मी हात मांडीखाली घेतला. तेव्हापासून मी शिकारीला गेलेलो नाही. दुपारी घाटावरही जात नाही.

आता त्यांच्याकडे चांगला सुरा आहे. मीच दिलाय.