सोमवारचं पाणी

आमच्या कारखान्यामागच्या नाल्याशी एक माणूस वाकून बाटली भरत होता.

"काय चाललंय?" मी दरडावलं.

तो इतका दचकला की अर्धी बाटली त्याच्याच बुटात रिकामी झाली. "पाणी... घेतोय."

"सांडपाणी चोरणारा चोर मी पहिल्यांदाच बघतेय."

"विचारूनच घेणार होतो. पण पुढे एक काका फार ओरडत होते."

ते काका म्हणजे माझे बाबा. तीस वर्षं लोखंडावर निकेलचा मुलामा चढवताहेत. आवाजाला मात्र मुलामा कधी चढवला नाही. त्यात त्या सकाळी नोटीस आली होती : सांडपाण्यातलं निकेल महिन्याभरात कमी करा, नाहीतर कारखान्याला टाळं.

बाटलीवाला माणूस एका प्रयोगशाळेतला निघाला. खिशातली डबी उघडून त्यानं मोहरीएवढे दाणे हिरवट पाण्यात टाकले. "हे पॉलिमरचं जेल. पाण्यात फुगतं आणि निकेलचे आयन धरून ठेवतं."

तासाभरात दाणे वाटाण्याएवढे झाले, हिरवे झाले आणि पाणी फिकट. मी बघत राहिले – दाण्यांकडे, आणि खरं सांगायचं तर त्याच्या हातांकडेही.

"एकदा धरलं की सोडत नाही?"

"ॲसिडनं धुतलं की सोडतं. मग जेल पुन्हा वापरता येतं."

"म्हणजे फितूरच की!"

तो हसला. हसताना खाली बघायची सवय होती त्याला.

मग दर गुरुवारी तो नमुने न्यायला येऊ लागला. "आला बघ तुझा बाटलीवाला," बाबा भर रस्त्यात ओरडायचे. "शेजारी म्हणतील, पोरगी वाया गेली!"

गुरुवारची रीडिंगं छान येत होती. म्हणून नाल्याच्या तोंडाशी जेलनं भरलेलं पिंप बसवलं. पहिल्याच सोमवारी मी त्यातून बाहेर पडलेलं पाणी तपासायला पाठवलं, आणि मंगळवारी तो उतरलेल्या चेहऱ्यानं आला. निकेल जवळजवळ सगळंच निसटलं होतं. तपासणीला नऊ दिवस उरले होते.

त्यानं काही लपवलं नाही. कागद बाबांसमोर ठेवून म्हणाला, "माझं जेल कमी पडलं. माझ्या भरवशावर राहू नका."

बाबा ओरडले नाहीत. मला त्याचीच धास्ती वाटली.

गुरुवारी चालतं, मग सोमवारी काय होतं? सोमवारी आम्ही गंजलेला माल ॲसिडमध्ये बुडवतो, धुतो, आणि ते पाणी –

"अहो! ॲसिडनं सोडतं म्हणालात ना? सोमवारी त्याच नाल्यात ॲसिड जातं!"

तो बघतच राहिला. "हे मला कुणी सांगितलंच नाही."

"सोमवारी कधी आलात तुम्ही?"

"सोमवारी बोलावलं कुणी?" तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत... गरम तर लागत होते.

दोन दिवस आम्ही तिघांनी मिळून पाइप वेगळे केले. ॲसिडचं पाणी निराळ्या टाकीत, त्यात चुना. चुन्याची पोती त्यानंच उचलून आणली.

"आजवर पुष्कळांनी मला चुना लावला," बाबा म्हणाले. "पण बरं वाटलं ते आजच."

तपासणीत पाणी पास झालं. बाबांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात कारागिरांना सुट्टी दिली.

मी त्याला बसस्टॉपवर सोडायला गेले. बाकावर आमच्या मध्ये त्याची पिशवी होती.

"पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या गावी," तो म्हणाला. "कातड्याच्या कारखान्यात. तिथं क्रोमियम आहे."

"किती लांब?"

"दोन तास. इथलं काम तर संपलं."

"कामाशिवाय येता येत नाही का?"

"येता येतं. पण... काय म्हणून येऊ?"

"ते तू ठरव."

तोंडातून 'तू' निघून गेलं होतं. मी परत घेतलं नाही.

त्यानं बुटांकडे बघितलं. मग म्हणाला, "मला तू आवडतेस. कधीचंच सांगायचं होतं. पण तुमच्या दारावर नोटीस असताना ते बोलणं बरं वाटेना."

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "आणि येताना बाबांसाठी सबब शोधू नकोस. सरळ सांग."

"ओरडतील."

"ओरडतीलच. मी असेन ना शेजारी."

त्यानं पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि माझा हात हातात घेतला.

बस आली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. 'जा तुम्ही,' असं मीच ड्रायव्हरला खुणावलं – जो हात मोकळा होता, त्यानं.