कोकिळाकाकूंच्या स्वयंपाकघरातला आठवडा

"एकच जुडी?"

राखीच्या तोंडून निघूनच गेलं. खरं तर तिला काय करायचं होतं... पण साखरखेर्ड्याच्या बाजारात, कलाबाईच्या भाजीपाशी, तो उंचसा, सावळा, बाह्या दुमडलेला माणूस मेथीची एक जुडी दोन्ही हातांत धरून असा उभा होता, जशी काही ती मेथी नाही, कुणाचं तान्हं बाळ आहे.

त्यानं मान वळवून पाहिलं. "का? घरी दोनच माणसं आहोत."

"शिजल्यावर एवढीशी होईल ती. एकानं मेथी खावी, दुसऱ्यानं कोरडी भाकर."

"तुम्ही कलाबाईंच्या कोण?"

"गिऱ्हाईक."

"मग त्यांच्या धंद्याची एवढी काळजी?"

"त्यांच्या धंद्याची नाही. तुमच्या घरच्या त्या दुसऱ्या माणसाची."

तो हसला. ओठांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त. कलाबाईनं पदरानं तोंड पुसत मध्येच सांगून टाकलं, "घे रे बाबा अजून दोन. पोरगी खोटं नाही बोलत, मेडिकलवाली हाय."

राखीनं डी. फार्म. केलं होतं आणि बसस्टँडजवळच्या काकाच्या मेडिकलमध्ये ती बसायची. सर्दी-खोकल्यापासून साखरेच्या गोळ्यांपर्यंत अख्ख्या गावाची दुखणी तिला पाठ होती. त्या दिवशी घरी येताना मात्र तिच्या डोक्यात एकच दुखणं घोळत होतं... मेथी घेऊन गेलेला तो होता तरी कोण?

संध्याकाळी कळलं.

समोरच्या घरातल्या कोकिळाकाकूंचं आदल्याच दिवशी चिखलीला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात औषध घालायचं काम राखीनं आपणहून अंगावर घेतलं होतं. तिनं कडी वाजवली, दार उघडलं, आणि दारात तो. हिरवी झालेली बोटं, कपाळावर मेथीचं एक पान.

त्यानं आतल्या खाटेकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाला, "हे ते दुसरं माणूस."

तो शिवम, काकूंचा एकुलता एक. चाकणला कंपनीत होता. राखीचं कुटुंब या गल्लीत राहायला आलं, त्याच्या आधीच तो शिकायला बाहेर पडलेला, आणि सणावाराला येऊन जायचा तेव्हा राखी मामाकडे असायची. आता मात्र आईसाठी आठवडाभराची सुट्टी काढून आला होता.

काकूंना डॉक्टरांनी चूल, धूर, वाकणं, सगळं बंद केलं होतं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी आपला ओटा दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. आता एक डोळा ऑपरेशनचा, दुसऱ्यावर अजून पडदा, वर काळा चष्मा. पण खाट टाकली होती ती स्वयंपाकघराच्या दाराशीच. तिथून त्या राज्य करायच्या, नाकानं आणि कानांनी.

"शिवम, लसूण लाल झाला. टाक भाजी."

"तुला कसं दिसलं?"

"दिसत असतं तर तुले कायले लावलं असतं कराले? वास आला."

थेंब टाकल्यावर काकूंनी थोडा वेळ डोळे मिटून निजायचं असे. तेवढा वेळ राखी ओट्याशी टेकून उभी राहायची. पहिल्या दिवशी उगाच. दुसऱ्या दिवशी काही सांगायला. त्यानंतर तिनं स्वतःला कारण विचारणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पिठलं केलं. उकळत्या पाण्यात कोरडं बेसन ओतून मोकळा झाला. राखी पोचली तेव्हा पातेल्यात लिंबाएवढ्या गुठळ्या पोहत होत्या. त्यानं एक गुठळी पळीवर उचलून तिच्यापुढे धरली, भुवया उंचावल्या... हे काय झालं? राखीनं ओढणीचा बोळा तोंडाशी धरला.

"राखी, तू हसून राह्यली काय?" खाटेवरून आवाज आला.

"नाही, काकू."

"मग शिवम हसून राह्यला. गुठळ्या झाल्या असतीन. बेसन आधी थंड्या पाण्यात कालवाव लागते, हे कंपनीत शिकवत नाहीत वाटते."

भाकरीचं तर विचारूच नये. थापता थापता कडा फाटायच्या, तो पाण्याचं बोट लावून सांधायचा, की दुसरीकडून फाटायची.

"जोर लावा," राखी म्हणाली. "पीठ मळताना भाकरीचे लाड करायचे नसतात."

"असा?"

"असा नाही. तळहातानं." बोलता बोलता तिनं त्याचं मनगट धरून खाली दाबलं. एवढंच. दाबलं आणि सोडलं... पण तिच्या बोटांचा पिठाचा ठसा त्याच्या मनगटावर उमटून राहिला. तो हात धुवायला मोरीवर गेला, बोटं धुतली, तळवा धुतला, आणि मनगट तसंच ठेवून जेवायला बसला. राखीनं ते पाहिलं. तिनं पाहिलं हे त्यानंही पाहिलं. दोघांनी मुकाट्यानं माना खाली घातल्या.

पौषातली थंडी होती. काकूंचं शेत बटईनं करणारे रामराव ओल्या तुरीच्या शेंगांचं गाठोडं टाकून गेले. दुपारी मेडिकल बंद असताना राखी येऊन अंगणात बसली. कोवळं नाही, पण अंगाला गोड लागणारं ऊन. मध्ये पसरलेल्या शेंगा, पलीकडे शिवम. तो जितके सोले काढायचा, त्यातले निम्मे तोंडात टाकायचा.

"आमटीला काही उरणार आहे का?"

"तुमच्याकडचे आहेत ना."

"वा. मी सोलायचं आणि तुम्ही खायचं?"

"खोटं कसं बोलू... हो."

मग ते बोलत राहिले. चाकणच्या मेसमधली भाजी सोमवारी आणि गुरुवारी एकाच चवीची असते म्हणाला. "जेवताना मी फोन ग्लासाला टेकवून ठेवतो. काहीही लावतो. बातम्या, क्रिकेट... कुणीतरी समोर बोलत असावं म्हणून." त्यानं ते अगदी सहज सांगितलं. राखीच्या हातातली शेंग मात्र बराच वेळ तशीच राहिली.

त्या रात्रीच्या सोल्याच्या आमटीला काकूंनी खाटेवरून पाठ सांगितला... सोले तव्यावर चांगले भाज, लसूण-जिरं-मिरची घालून भरडच वाट, बारीक नको. शिवमनं विचारलं, "कोथिंबीर शेवटी ना?"

"पुण्याकडं गेल्यापासून आमच्या सांभाराची कोथिंबीर झाली," काकू म्हणाल्या. राखी निघेपर्यंत हसत होती. वाटीभर आमटी त्यानं तिच्याबरोबर दिली. घरी वडील शालिग्रामभाऊंनी ती बोटांनी निपटून खाल्ली आणि काकूंची तब्येत सुधारली म्हणून समाधान मानलं. कुणी केली हे राखीनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुचितामावशी मलकापूरहून आली. हातात पेढे, तोंडात स्थळ. मुलाचं नाव प्रज्वल, रेल्वेत नोकरी, घरचे सालस, देण्याघेण्याची बोली नाही. वडिलांना आवडलं, आईला फारच आवडलं. नाही म्हणावं असं त्यात खरंच काही नव्हतं, आणि राखीचा जीव त्यामुळेच घाबरा झाला. रविवारी दुपारी पाहुणे यायचे ठरले.

संध्याकाळी ती थेंब टाकायला गेली तेव्हा शिवम आत खिचडी ढवळत होता.

"सुचिता कायले आली होती वं?" काकूंनी विचारलं.

"स्थळ घेऊन." राखी औषधाच्या बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "रविवारी पाहायला येणार आहेत."

आत पळीचा आवाज थांबला.

काकूंचे डोळे मिटलेले होते. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "शिवम, खाली लागन. हलव."

शनिवारी त्यानं कढी-फुणके केले. तुरीची डाळ भरड वाटून, मुटके वळून, वाफवून... सगळं नीट जमलं होतं. राखीनं चमच्यानं कढी चाखली आणि डोळे मिटले.

"मीठ दोनदा पडलं."

"पडलं असेल." तो ओटा पुसत होता. पुसलेलाच ओटा पुन्हा. "मुलगा चांगला आहे का?"

"रेल्वेत आहे."

"म्हणजे चांगला आहे."

"असं कुठं म्हटलं मी?"

"क्वार्टर असेल. पास असेल. मलकापूर म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. आई-वडिलांना बरं."

राखी त्याच्याकडे बघत राहिली. आठवडाभर हा माणूस पळीच्या टोकावरून बोलत होता, भुवईनं बोलत होता, आणि आज तोंड उघडलं तर हे?

"तुम्हीच पाहून या मग त्याला," ती म्हणाली. "तुम्हाला पसंत पडला तर मी हो म्हणते."

आणि निघून गेली. घरी येऊन कांदे चिरायला बसली, म्हणजे डोळ्यांचं कुणी विचारू नये.

रविवारी सकाळी आईनं तिला मोरपंखी साडी नेसवली. थेंबांची वेळ मात्र चुकवून चालणार नव्हतं. राखी गेली, काकूंच्या डोळ्यात औषध घातलं. काकू म्हणाल्या, "आज मी जराशी जास्त वेळ निजतो. तू बस आत, उन्हात उभी राहू नको." त्या खोलीत ऊन नव्हतंच.

शिवम परातीत पीठ मळत होता. साडीकडे पाहून त्याचे हात थांबले.

"काल मी चुकीचं विचारलं," तो म्हणाला.

"मग आज बरोबर विचारा."

"तुम्हाला... तुला..." तो अडखळला. आणि मग इतक्या दिवसांचं पुणेरी बोलणं गळून पडलं, लहानपणीचं ओठांवर आलं. "तुले जावं वाटते काय मलकापूरले?"

"नाही."

"मग कुठं जावं वाटते?"

"आत्ता तर कुठंच नाही. इथं ओट्यापाशी उभं राहावं वाटते."

त्यानं परातीतले हात तसेच ठेवले. "राखी, माह्यापाशी क्वार्टर नाही. एक खोली आहे, खिडकी उघडली की कंपनीची भिंत दिसते. कधी कधी रातपाळी असते. तुले तिथं ये म्हणाले जीभ रेटत नव्हती, म्हणून काल भलतंच बोलून गेलो. पण खरं विचारशील तर... जेवाले बसलो की समोर मले तू पाहिजे. बाकी मले काही सुचून नाही राह्यलं."

राखीला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, दोन्ही एकदम. "तिथं मेडिकल असतात?"

"गल्लोगल्ली."

"मी घरी बसणार नाही."

"बसू नको. भाकरी मी टाकतो."

"कडा फाटलेल्या?"

"हाव."

ती एक पाऊल पुढे आली. त्याच्या गालाला पीठ लागलं होतं, ते तिनं पदराच्या टोकानं पुसलं. अगदी सावकाश. पीठ केव्हाच निघालं होतं.

"राखी," बाहेरून काकूंचा आवाज आला, "शालिग्रामभाऊ आता घरीच असतीन. पाहुणे निघाच्या आधी जाय, बेटा. मग लोकाईची फजिती होते."

शालिग्रामभाऊ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आरशासमोर उभे होते. राखीनं उंबऱ्यातच सांगून टाकलं, कारण आत गेली असती तर धीर सुटला असता. "बाबा, मलकापूरला फोन करा. त्यांना येऊ नका म्हणा. मुलगा वाईट नाही. पण मला समोरचा शिवम पसंत आहे."

आई होती तिथंच खाली बसली. वडिलांनी बटण लावता लावता विचारलं, "कोकिळाबाईचा? तो तर स्वयंपाक करते म्हणतात."

"हो."

"मग कंपनीत काय करते?"

"तेही करतो."

शेवटचं बटण लावून ते पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग फोन घेऊन मागच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. पलीकडून सुचितामावशीचा आवाज भिंतीतूनही ऐकू येत होता. बाहेर आले ते सरळ चपला घालून गल्ली ओलांडून गेले. राखी थोड्या वेळानं मागोमाग पोचली.

काकूंच्या घरात ते भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते. शिवम समोर उभा, पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीनं उभं राहावं तसा.

"सकाळी सकाळी मलकापूरच्या शिव्या खाल्ल्या," शालिग्रामभाऊ म्हणाले. "आता भाकर वाढ."

शिवमनं ताट केलं. वांग्याची भाजी, भाकर, कांदा, मुठीनं फोडलेला. ते जेवू लागले. काकूंनी खाटेवरून कान तेवढा त्यांच्याकडे केला होता.

"भाजी कोनं केली?"

"मी."

"तिखट कमी आहे." त्यांनी घास घेतला. "अजून एक भाकर दे."

शिवमनं दिली. काकू हलकेच म्हणाल्या, "भाऊ, मग मी काय समजू?"

"मी हाव म्हटलं नाही अजून, कोकिळाबाई. जेवून राह्यलो फक्त." त्यांनी भाजीची वाटी पुढे सरकवली, म्हणजे ती पुन्हा भरावी. "पोरगी आधी आईसोबत जाईन, तिथली खोली पाहीन, गाव पाहीन. तिले पटलं तर मग उन्हाळ्यात पाहू." मग राखीकडे न बघताच म्हणाले, "तू कायले उभी आहे? बस जेवाले. तोंड उतरलं सकाळपासून."

राखी बसली. शिवमनं तिच्यापुढे ताट ठेवलं, स्वतःचं तिच्या समोर मांडलं आणि बसला. वडील खाली मान घालून जेवत होते.

"उद्या काय करायचं?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"उद्या तू जाणार ना?"

"संध्याकाळी गाडी आहे. सकाळचं तर जेवाव लागन."

राखीनं भाकरीचा तुकडा मोडला. "वांगी भाजू. मी दुकान उघडायच्या आधी येते."

"लवकर ये," तो म्हणाला.