बोरथडीच्या पुलावरचा धूर

बसा पोरांनो, दार तेवढं लोटून घ्या. दिवस मावळला की काजळी आत येती.

तर बजरंगची गोष्ट सांगतो. आपल्या बोरथडीतून पाथरीला जीप चालवितो, तो बजरंग. माझ्या साडूचा पोरगा. त्यानं सांगितलं तसंच सांगायलोय, माझ्या पदरचं त्यात काही न्हाई.

गेल्या सालची भोगीची रात्र, सोमवारची. साखर कारखान्याचं गाळप जोरात चालू होतं. पावसाळ्यात ते धुराडं हाय का न्हाई, ध्यानात बी येत न्हाई. पण थंडी पडली की धूर वर जायचं सोडतो. गंगेच्या, म्हंजी आपल्या गोदावरीच्या, पात्रात उतरतो अन् तिथंच बसून राहतो. सकाळी अंगणात काळी राख, अन् घरोघर खोकला.

बजरंगची पोरगी वैष्णवी, सात वर्षांची, दम्यानं बेजार. हंगाम लागला की तिची वाफेची मशीन सुरू. त्या रात्री तिळाची भाकर खाऊन ती निजली, अन् थोड्या वेळात धाप लागली. बघितलं तर मशीनीतलं औषध संपलेलं. पाथरीहून घेऊन येतो म्हणून बजरंग उठला. त्याची बायको माधवी म्हणाली, तवर ही दम धरायची न्हाई, हिलाच दवाखान्यात न्या. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती घरी थांबली. बजरंगनं पोरीला मागच्या सीटवर निजवलं, साऱ्या काचा घट्ट लावल्या अन् निघाला.

पुलापर्यंत काही अडचण आली न्हाई.

पुलावर मात्र धूर बसलेला. धुकं अन् धूर एकजीव झालेला. हेडलाइटच्या उजेडात समोर नुसती भिंत. निम्म्या पुलावर त्याला जीप उभी करावी लागली. पुलाचे कठडे पुरात वाहून गेलेले, तुमाला ठावं हाय. चाक जरा इकडंतिकडं झालं की खाली पाणी. पुढं दिसेना, मागं दिसेना. फोनला रेंज न्हाई. हॉर्न वाजवून बघितला, कुणी आलं न्हाई. मागं पोरीच्या छातीत शिट्टी वाजायली होती.

"बाबा, अजून लय लांब हाय का?"

"आलंच, बाळा. बोलू नको तू."

तवा टपावर कायतरी बसलं. आदळलं न्हाई... थकलेलं माणूस अंग टेकतं, तसं हळू. जीप जरा दबली.

मग काचेवर बोटं वाजली. आधी त्याच्या. मग मागच्या.

"बजरंगा... काच खाली कर."

आवाज त्यानं ओळखला. त्यांच्या गल्लीतली दगडाबाई. आदल्या हिवाळ्यात दवाखान्यात नेताना ह्याच पुलावर तिचा दम कोंडला होता. बजरंगनं स्वतः तिला खांदा दिलेला.

"दम पुरंना रे... आत घे."

त्याचा हात काचेच्या दांडीवर गेला. मला म्हणाला, तात्या, खरंच गेला. म्हातारीनं लहानपणी त्याला कडेवर खेळवलेलं. पण काच उतरली की धूर आत, अन् मागं पोरगी...

त्यानं हात मागं घेतला.

"दगडाआत्या... लेकरू हाय आत."

काचेवरची बोटं थांबली. 

मग त्याच्या ध्यानात आलं, मागची शिट्टी बी थांबली. वळून बघितलं. पोरीचे डोळे उघडे. ओठ निळे.

अन् वर... टपावर... कुणीतरी श्वास घेतला.

लांब. आत. सोडला न्हाई.

परत आत.

परत.

काचेला चिकटलेला धूर हलला. वर चढू लागला, टपाकडं, ओढल्यासारखा. आधी जीपचं नाक दिसलं. मग रस्ता. मग... पुलाचं टोक.

वर श्वास चालूच. आत. आत. आत.

बजरंगनं गिअर टाकला.

दवाखान्यात पोरीला ऑक्सिजन लावला. पहाटं तिनं पाणी मागितलं, तवा कुठं बजरंग भिंतीला टेकून बसला. उजाडल्यावर चहा प्यायला बाहेर आला. जीप सगळी काळी झालेली. चहावाल्याचं स्टूल घेतलं अन् त्याच्यावर उभा राहून त्यानं टप बघितला.

बोटभर काजळी. तिच्या मधोमध बाई कुशीवर निजावी एवढी जागा लख्ख, पुसून घेतल्यासारखी. पाय पोटाशी घेतलेले कळत होते.

अन् तिच्या कुशीत, काजळीची एक बारीक रेघ सोडून... लेकराएवढी आणखी एक जागा. तशीच लख्ख.

वैष्णवी तर आत सीटवर होती. निदान तिची शिट्टी थांबली, तवर तरी.